बारावीनंतर खंड पडला? कॉलेजचा प्रवेश असा घ्या

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पंधरा दिवस पालक लिहितात. त्यानंतर हळूच दुसरी पत्रे येऊ लागतात: ‘माझी बारावी २०१९ ची. आता बी.कॉम.ला घेतील का?’ ‘लग्नामुळे शिक्षण सुटलं, वय २७, कुठून सुरुवात करू?’ ‘गॅप दोन वर्षांपेक्षा जास्त असेल तर प्रवेश मिळत नाही असं कळलं, खरं आहे का?’

सर्वांना एक उत्तर आधी देऊन टाकतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. या पदव्यांना आपल्या राज्यातली विद्यापीठे कमाल वय विचारत नाहीत. दोन वर्षांचा खंड चालतो, आठ वर्षांचाही चालतो. वय पाहून कुणी परत पाठवत नाही. लोक परत येतात ते नाव जुळत नाही म्हणून, टी.सी. जुन्या कॉलेजात अडकली म्हणून आणि तारीख उलटली म्हणून. तेव्हा मनाची तयारी झाली असेल, तर आता कागदांची तयारी करा.

वयाची अट कुठे आहे, कुठे नाही

‘दोन वर्षांचा गॅप’ ही अफवा उगाच पसरलेली नाही. जेईई मेनला बारावी त्याच वर्षी किंवा त्याआधीच्या दोन वर्षांत झालेली लागते. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या संधी लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच मिळतात. काही कंपन्या कॅम्पसमधून मुले घेताना खंडाची अट घालतात. हे सगळे नियम एकत्र कालवून कुणीतरी तुम्हाला ‘प्रवेशच नाही’ असे सांगते. वेगवेगळे करून पाहा:

- राज्याची एमएचटी-सीईटी: बारावी जुनी असली तरी देता येते. विषय आणि किमान टक्केवारीची अट मात्र पूर्ण हवी.
- नीट: कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढली गेली. किमान वय १७.
- क्लॅट: कमाल वय नाही.
- आयटीआय: कमाल वय नाही.
- पदविकेनंतर इंजिनिअरिंग: तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग आहे. बारावीकडे पुन्हा वळण्याची गरज नाही.

वयाचा खरा हिशेब पुढच्या टोकाला करायचा असतो. स्पर्धा परीक्षेसाठी पदवी घेत असाल, तर पदवी हातात येईल तेव्हा किती वर्षे उरतील ते आजच मोजा. एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ ही कमाल मर्यादा आहे. यूपीएससीच्या नागरी सेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३२, ओबीसींसाठी ३५ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७. म्हणजे २५ व्या वर्षी प्रथम वर्षाला बसणाऱ्याला एमपीएससीसाठी भरपूर वेळ आहे, यूपीएससीसाठी थोडा आहे. पोलीस भरतीचा विचार असेल तर पदवीची वाट पाहत बसू नका. शिपाईपदाला बारावी पुरते आणि तिथे वय लवकर संपते.

बारावीच झाली नसेल तर

आधी सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी झाली असेल आणि मधे दोन वर्षे गेली असतील, तर खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसता येते. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत नेमून दिलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात द्यायची. कला आणि वाणिज्य शाखेसाठी हा मार्ग सोयीचा आहे. अर्ज परीक्षेच्या आदल्या पावसाळ्यातच सुरू होतात. दिवाळीनंतर जागे झालात तर विलंब शुल्क भरावे लागते, किंवा वर्षच जाते.

‘मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून बारावीशिवाय पदवी घेऊ का?’ असेही बरेच जण विचारतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: बारावी करा. अनेक ठिकाणी नोकरीला घेताना दहावी, बारावी, पदवी ही साखळी तपासतात. पदवी मिळाल्यावर मधली कडी नसल्याचा मनस्ताप होण्यापेक्षा एक वर्ष आधी दिलेले बरे.

खंडाचे प्रतिज्ञापत्र

याला कॉलेजात ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. हा दाखला कुठल्याही कार्यालयात तयार मिळत नाही. तो तुम्हीच लिहून द्यायचा असतो आणि नोटरीसमोर किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर त्यावर सही करायची असते. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे तयार नमुना असतो. त्यात तो ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच घालतो आणि मग कॉलेजचा कारकून खंडाचा पुरावा मागतो. मजकूर असा हवा:

‘मी फेब्रुवारी/मार्च २०१९ मध्ये बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालो. जून २०१९ पासून आजपर्यंत मी कोणत्याही महाविद्यालयात, विद्यापीठात अथवा शिक्षणक्रमास प्रवेश घेतलेला नाही. या काळात मी अमुक ठिकाणी नोकरी करत होतो. माझ्यावर कोणत्याही परीक्षा मंडळाने अथवा विद्यापीठाने बंदी घातलेली नाही.’

तीन गोष्टी सांभाळा.

एक, महिने अचूक लिहा. बारावीच्या निकालापासून अर्जाच्या दिवसापर्यंत एकही महिना सुटता कामा नये.

दोन, स्टॅम्प पेपर घेण्याआधी कॉलेजला विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक आला. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मात्र मुद्रांक शुल्क माफ आहे आणि पुष्कळ कॉलेजेही साध्या कागदावर भागवतात. ५०० रुपये उगाच घालवू नका.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे: मधे कुठे प्रवेश घेऊन सोडला असेल, तर ‘कुठेही प्रवेश घेतला नाही’ असे लिहू नका. पूर्वी असे खपून जायचे. आता जुना पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), शैक्षणिक क्रेडिट बँकेतले खाते आणि आधार एकमेकांना जोडलेले असतात. दोन महिने जाऊन सोडलेले एफ.वाय. लपवल्यामुळे पात्रता रद्द झाली, तर तीन वर्षांचे कष्ट पाण्यात जातील. खरे लिहिले तर फार तर एक कागद जास्त लागतो.

कागद: कोणता कुठे अडतो

- बारावीची गुणपत्रिका. हरवली असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयातून दुय्यम प्रत मिळते. डिजीलॉकरवर उतरवून घेता येते का तेही पाहा.
- शाळा सोडल्याचा दाखला. बारावीनंतर तो घेतलाच नसेल तर तो कनिष्ठ महाविद्यालयात पडून असतो. प्रथम वर्षाला एकदा प्रवेश घेतला असेल तर तो त्या कॉलेजात जमा झालेला असतो आणि तुम्हाला त्यांच्याकडून टी.सी. घ्यावी लागते. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीआधी करा. सुट्टीत सही करणारे भेटत नाहीत.
- मायग्रेशन. मंडळ किंवा विद्यापीठ बदलत असाल तरच. राज्य मंडळाची बारावी आणि राज्यातलेच कॉलेज असेल तर सहसा गरज पडत नाही.
- अपार किंवा क्रेडिट बँकेचा क्रमांक. हा डिजीलॉकरमधून काढता येतो. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. सहा वर्षांपूर्वीचा नंबर बंद झाला असेल तर आधी आधार केंद्र गाठा.
- जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर. शाळेतून थेट येणाऱ्या मुलांची जात पडताळणीची प्रकरणे कनिष्ठ महाविद्यालय पुढे पाठवते. तुमच्यासाठी हे कुणी करणार नाही. शैक्षणिक कारणासाठीच्या अर्जाला प्राचार्यांचे पत्र लागते. ते ज्या कॉलेजात बारावी झाली तिथे मागून पाहा, नाहीतर प्रवेश मिळताच पहिल्या आठवड्यात नव्या कॉलेजकडून घ्या. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली असेल तर नवा काढा. त्याच्या तारखेवरून दर वर्षी कितीतरी अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलले जातात.

विवाहित भगिनींसाठी इथे थोडे थांबतो, कारण सर्वाधिक पत्रे त्यांचीच असतात. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेच्या पासबुकावर तिसरेच. विद्यापीठ नाव घेते ते बारावीच्या गुणपत्रिकेवरून. म्हणून प्रवेश त्याच नावाने घ्या आणि सोबत विवाह नोंदणी दाखला जोडा. पदवीवर सासरचेच नाव हवे असेल तर आधी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, मग अर्ज भरा. मधल्या वर्षी नाव बदलायला गेलात तर प्रत्येक सत्राची गुणपत्रिका दुरुस्त करावी लागते.

जातीचा दाखला वडिलांकडून येतो. ओबीसींच्या नॉन-क्रीमीलेअरसाठीही आईवडिलांची स्थिती पाहतात, पतीचे उत्पन्न नाही. ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात मात्र पती कुटुंबात धरला जातो. सेतू केंद्रात या दोहोंची गल्लत होते, तेव्हा हे आधीच सांगा.

रेग्युलर, रात्रीचे की मुक्त?

हा निर्णय लोक ‘कुठल्या पदवीला किंमत’ या प्रश्नावरून घेतात. तो तुमच्या आठवड्यावरून घ्या. कागदावर सोमवार ते रविवार लिहा, नोकरी, प्रवास, स्वयंपाक आणि मुलांचे तास वजा करा आणि उरलेले मोजा.

रेग्युलर कॉलेज घ्यायचे तर ७५ टक्के हजेरी गृहीत धरा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापन वर्षभर चालते, प्रकल्प असतो, इंटर्नशिप असते. ‘नाव घालून ठेवायचे आणि परीक्षेला जायचे’ ही जुनी पद्धत आता तुम्हालाच गोत्यात आणते. लेखी परीक्षेत पास होऊनही अंतर्गत गुणांत नापास झालेली नोकरदार मुले प्रत्येक कॉलेजात सापडतील.

सकाळची किंवा रात्रीची कॉलेजे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. दिवसाची नोकरी आणि रोज वर्गात बसण्याची इच्छा या दोन्ही गोष्टी असतील तर यांच्याइतकी चांगली सोय नाही. शिक्षक कामगार विद्यार्थ्यांना ओळखून असतात. विषयांची निवड मात्र कमी.

मुक्त आणि दूरशिक्षण. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रे गावोगाव आहेत. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रासाठी होतात. जूनची गाडी चुकलेल्यांना हे फार उपयोगी पडते. तीन वर्षांची पदवी इग्नूत सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. लहान मूल असलेल्या आईसाठी ही सवलत मला सर्वांत मोलाची वाटते. मुंबई विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ आणि स्त्रियांसाठी एसएनडीटी यांचेही दूरशिक्षण विभाग आहेत.

‘मुक्तची पदवी सरकारी नोकरीला चालते का?’ चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेल्या संस्थेचा, मान्यता दिलेला अभ्यासक्रम असेल तर तो नियमित पदवीच्या बरोबरीचा धरला जातो. सगळे अडते ते या ‘मान्यता’ शब्दावर. म्हणून:

- आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या (डीईबी) यादीत संस्थेचे नाव पाहा. मग त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का तेही पाहा.
- २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो. ‘आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाला तो काढू देऊ नका.
- इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर आणि कायदा हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालत नाहीत. ‘घरबसल्या बी.ई.’ ही जाहिरात दिसली की तिथेच थांबा. पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, तेव्हा नोकरीत असलेल्या माणसांच्या पदव्या निलंबित झाल्या.
- ‘एका वर्षात पदवी’ किंवा ‘मागच्या तारखेने प्रवेश’ ही सरळ फसवणूक आहे. यात पैसे जातातच, शिवाय पुढे पडताळणीत गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो.

अर्धवट सोडलेले वर्ष वाया गेले का?

नवे धोरण लागू झाल्यावर प्रवेश घेतला असेल तर सहसा नाही. मिळवलेली क्रेडिट्स बँकेत असतात आणि ती साधारण सात वर्षे धरली जातात. पहिले वर्ष पूर्ण करून, ठरलेली उन्हाळी क्रेडिट्स मिळवून बाहेर पडलेल्याला प्रमाणपत्र मिळते. त्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते.

जुन्या पद्धतीत एफ.वाय. किंवा एस.वाय. करून सोडले असेल, तर गोष्ट विद्यापीठागणिक बदलते. थेट परीक्षा विभागात जा, पीआरएन दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: जुन्या अभ्यासक्रमाच्या उरलेल्या विषयांना अजून संधी आहे का? नव्या अभ्यासक्रमात किती विषयांची समकक्षता मिळेल? नोंदणीची कमाल मुदत संपली आहे का? उत्तरे तोंडी घेऊ नका. अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. मुदत संपली असे लेखी कळले तर उसासा टाका आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. ‘काहीतरी मार्ग निघेल’ म्हणत अजून दोन वर्षे घालवण्यापेक्षा ते लवकर होते.

फी, शिष्यवृत्ती आणि सवलती

राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या प्रत्येक योजनेची खंडाबाबतची अट वेगळी आहे, म्हणून योजनेचा शासन निर्णय उघडून वाचा. काही गोष्टी मात्र नक्की सांगता येतात. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पूर्णवेळ नोकरी करणारे पात्र नसतात. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही.

रेल्वेच्या विद्यार्थी पासाला वय आडवे येते. खुल्या प्रवर्गाला २५ आणि अनुसूचित जाती-जमातींना २७ वर्षांपर्यंतच तो मिळतो. आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांनाही २५ ची मर्यादा आहे. रोज कर्जतहून दादरला येणार असाल तर पूर्ण भाड्याच्या पासाचा खर्च आधीच धरा.

तुमचे हक्क

वयाने मोठा विद्यार्थी संकोचामुळे भांडत नाही आणि कार्यालयाला ते ठाऊक असते. म्हणून हे लक्षात ठेवा.

- मूळ कागदपत्रे तपासून लगेच परत द्यायची असतात. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कॉलेजला ती अडकवून ठेवता येत नाहीत. येणाऱ्या वर्षांची फी आगाऊ मागता येत नाही आणि ‘तिन्ही वर्षांची फी भरा, मग टी.सी.’ हेही चालत नाही.
- प्रवेश रद्द केल्यास फी परत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी १५ किंवा जास्त दिवस असताना रद्द केल्यास १०० टक्के, १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९०, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, त्यापुढे ३० व्या दिवसापर्यंत ५०, आणि नंतर काही नाही. २०२३-२४ व २०२४-२५ साठी आयोगाने याहून उदार परिपत्रके काढून ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत करायला सांगितले होते. तेव्हा चालू वर्षाचे परिपत्रक पाहा.
- तक्रार. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे, हे आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. समितीने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते.
- प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा. ‘वय जास्त आहे’ असे कुणी लिहून देत नाही, कारण तसा नियमच नाही. लेखी मागताच बरीच प्रवेशद्वारे उघडतात.

वर्गात बसल्यावर

पहिले दोन महिने जड जातात. अठरा वर्षांची मुले ‘काका’, ‘ताई’ म्हणतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, नोट्स त्यांच्याकडूनच मिळणार आहेत. लिहिण्याचा वेग गेलेला असतो, म्हणून जूनपासून रोज अर्धा तास हाताने लिहा. तीन तासांच्या पेपरात गाडी अडते ती तिथे. इंग्रजी आणि गणिताची भीती असेल तर दहावीची पुस्तके पुन्हा वाचा. यात कमीपणा मुळीच नाही. महर्षी कर्व्यांचा जन्म १८५८ चा आणि ते पदवीधर झाले १८८४ मध्ये, म्हणजे वयाची पंचविशी उलटल्यावर.

नोकरीत असाल तर मालकाला किंवा विभागप्रमुखाला आधीच सांगा. सरकारी कर्मचाऱ्याने प्रवेशापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. नाहीतर पदवीची नोंद सेवापुस्तकात होताना अडते.

कधी काय करायचे

डिसेंबर ते फेब्रुवारी: सीईटीचे अर्ज, आधार आणि नावाच्या दुरुस्त्या. मार्च-एप्रिल: टी.सी., जातीचे व उत्पन्नाचे दाखले. मे: खंडाचे प्रतिज्ञापत्र, कॉलेजांची यादी. जून-जुलै: अर्ज आणि गुणवत्ता यादी. पहिल्या यादीत नाव लागले नाही तर घरी जाऊ नका. तिसऱ्या यादीनंतर रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी कॉलेजच्या कार्यालयात स्वतः जाऊन नाव द्या. आपल्याकडे कला शाखेच्या जागा बऱ्याच कॉलेजांत शेवटपर्यंत शिल्लक असतात.

हे वाचत असताना कोणता का महिना असेना, आज एक काम करा. बारावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवा आणि नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज याच आठवड्यात द्या.